दावे सोडा, कारण शोधा

मृगाचा पाऊस वेळेवर लागला की आमच्या भागात घरी माणूस सापडत नाही. तरवा उपटणे, चिखलणी, रोपलावण ही कामे कोणासाठी थांबत नाहीत. म्हातारी माणसे लहान पोरांना सांभाळतात, मोठी पोरे गुरांना सांभाळतात आणि धडधाकट सारी वावरात असतात. अशा दिवसांत एखाद्या घराच्या पडवीत खांबाला एक दोरी बांधलेली दिसते. तिच्या दुसऱ्या टोकाला वासरू नसते. त्या घरातला बुद्धीने मागे राहिलेला मुलगा किंवा मुलगी असते.

ही दोरी आम्ही पाहिली आहे. वाचकहो, आपणही पाहिली असेल. त्या घरावरून आम्ही शेताकडे गेलो आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. आज तिच्याविषयी लिहावयाचे आहे.

ज्या आईने ती गाठ मारली तिला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परड्यातली विहीर उघडी आहे, कोनाड्यात कीटकनाशकाची बाटली आहे, कुडाला विळा अडकवलेला आहे आणि दिवसाची मजुरी बुडवणे तिला परवडत नाही. मुलगा स्वतःचा हात चावतो, डोके भिंतीवर आपटतो, अंगावर धावून येतो, वाट फुटेल तिकडे निघून जातो. तिने दुसरे करायचे तरी काय? हा प्रश्न खरा आहे. आमचे म्हणणे एवढेच की त्याला उत्तर आहे, ते फार खर्चाचे नाही आणि ते एकट्या आईने द्यायचे नाही.

गोठ्यातले शहाणपण

चालता बैल तासात बसला तर जाणता शेतकरी लगेच चाबूक उगारत नाही. तो जू उतरवतो, खांदा सुजला आहे का पाहतो, खूर उचलून खडा रुतला आहे का बघतो, तोंडाला लाळ आहे का तपासतो. मुक्या जनावराचे दुखणे त्याच्या वागण्यावरून ओळखायचे असते, हे त्याला बापाने शिकवलेले असते. माणसाची बरोबरी जनावराशी करावी असे आम्ही म्हणत नाही. पण जे शहाणपण आम्ही बैलापाशी वापरतो ते पडवीतल्या मुलापाशी वापरत नाही, ह्याची आम्हांस लाज वाटते. त्याला आम्ही ‘खुळा आहे’, ‘मुद्दाम करतो’, ‘बाहेरचे लागले आहे’ असे म्हणून मोकळे होतो.

ज्यांना पूर्वी मतिमंद म्हणत आणि आता कायद्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती म्हणतात, तसेच ज्यांना स्वमग्नता आहे, त्यांतल्या कित्येकांना शब्द फुटत नाहीत. फुटले तरी ऐनवेळी सापडत नाहीत. ‘दाढ दुखते’, ‘हे काम मला जमत नाही’, ‘आई कधी येणार’, ‘हा गोंगाट सहन होत नाही’ हे सांगायला त्यांच्याजवळ हात, दात आणि आवाज एवढेच उरते. २०११ च्या जनगणनेत देशात अशा बौद्धिक अक्षमतेच्या सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. आकडा मोठा आहे, पण गावात ते एखाददुसरेच घर असते. म्हणून ते घर एकटे पडते.

त्रासदायक वागण्यामागे कारण असते, ही नुसती दयेची गोष्ट नाही. ती तपासून पाहिलेली आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे ब्रायन इवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली नऊ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले स्वतःला इजा करून घेत. प्रत्येक मुलाला थोडा थोडा वेळ निरनिराळ्या परिस्थितीत ठेवून पाहिले. कधी त्याने इजा केली की मोठे माणूस जवळ येऊन बोले. कधी अवघड काम सांगून, इजा केली की ते थांबवीत. कधी त्याला एकटे ठेवीत, तर कधी त्याच्याशी खेळत. तेव्हा असे आढळले की वागणे सारखे दिसले तरी त्यामागचे कारण प्रत्येकाचे सारखे नाही. पुढे १९८५ साली एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी चार मुलांना त्यांच्या त्यांच्या कारणाप्रमाणे एकेक वाक्य शिकवले. काम अवघड वाटणाऱ्याने मदत मागायची, कोणी जवळ यावे असे वाटणाऱ्याने तसे विचारायचे. मागण्याचा चांगला मार्ग मिळाल्यावर त्यांचे त्रासदायक वागणे पुष्कळ कमी झाले.

हे ज्ञान परदेशातच राहिले असेही नाही. सिकंदराबाद येथे १९८४ साली राष्ट्रीय मतिमंद संस्था स्थापन झाली. आता तिचे नाव बदलून राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था असे झाले आहे. तेथील रीता पेशावरिया व एस. वेंकटेशन यांनी १९९२ साली शिक्षकांसाठी मार्गदर्शिका लिहिली आणि भारतीय मुलांसाठी वर्तन तपासण्याची एक मोजपट्टी तयार केली. तिच्या एका भागात मुलाला काय काय येते हे पाहायचे असते व दुसऱ्या भागात कोणते वागणे त्रासाचे आहे ते पाहायचे असते. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. आधी त्याला काय येते ते पाहा, मग काय चुकते ते पाहा.

आधी वही, मग उपाय

घरी करता येण्याजोगे पहिले काम म्हणजे वही. शाळेची जुनी वही चालेल. पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात ‘त्याआधी काय घडले’, दुसऱ्यात ‘त्याने काय केले’, तिसऱ्यात ‘त्यानंतर आम्ही काय केले’. शेजारी वेळ लिहावी. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असे लिहू नये. ‘उजव्या हाताचे मनगट चावले, दोन मिनिटे’ असे जे दिसले तेवढेच लिहावे. पंधरा दिवस नेमाने लिहिल्यावर बहुधा काही एक मेळ दिसू लागतो.

परंतु त्याहीआधी दुखणे तपासून घ्यावे. किडलेली दाढ, वाहता कान, चार दिवसांचा मलावरोध, पोटातले जंत, मासिक पाळीची कळ, अपुरी झोप, फेफरे, ह्यांपैकी काहीही वागणे बिघडवू शकते. वागणे एकाएकी बदलले असेल तर दुखण्याचा संशय आधी घ्यावा. डोक्याला मार लागत असेल, डोळ्याला इजा होत असेल किंवा झटके येत असतील तर वहीची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

दुखणे नसेल तर कारण बहुधा चारांतले एक निघते. एक, कोणी तरी आपल्याकडे पाहावे. दोन, सांगितलेल्या कामातून किंवा गोंगाटातून सुटका हवी. तीन, एखादी वस्तू किंवा खाऊ हवा. चार, त्या हालचालीनेच शरीराला बरे वाटते. कारण वेगळे तर उपाय वेगळा. लक्ष हवे म्हणून ओरडणाऱ्याला रागावले तर त्याला हवे तेच मिळाले. कामातून सुटका हवी असणाऱ्याला शिक्षा म्हणून कोपऱ्यात बसवले तर तीच त्याची सुटका झाली. आम्ही शिक्षा म्हणून जे देतो ते पुष्कळदा बक्षीस ठरते, आणि मग ‘कितीही मारले तरी सुधारत नाही’ अशी तक्रार करतो.

उपायाचे मुख्य सूत्र असे की, त्रासाच्या वागण्याने जे मिळत होते तेच चांगल्या खुणेने मिळू द्यावे. बोलता येत नसेल तर हाताची खूण, चित्राचे कार्ड किंवा तांब्यावर टिचकी चालेल. ही खूण घरातल्या भाषेशी जुळलेली असावी. आमच्या सीमाभागात हे मुद्दाम सांगावे लागते. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि तपासणीच्या कागदावर इंग्रजी, अशा तिठ्यावर शब्द जड जाणारे मूल उभे करणे बरोबर नाही.

खूण केली की सुरुवातीला लगेच, दर वेळी दाद द्यावी. घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळावा. आईने नाही म्हणायचे आणि आजीने पदराआडून लाडू द्यायचा, असे झाले तर त्रास अधिक चिवट होतो, कारण कधी तरी मिळते ह्या आशेवर तो चालू राहतो. ओरडण्याने मिळणे बंद झाले की आरंभी काही दिवस ओरडणे वाढतेही. विझणारा दिवा मोठा होतो, तसेच हे. त्या वेळी धीर सोडू नये. मात्र इजा होण्याजोगे वागणे असेल तर हा प्रयोग जाणकारांशिवाय करू नये.

आणखी एक सांगितले पाहिजे. हात फडफडवणे, डोलणे, एकच दोरा तासभर फिरवणे ह्याने कोणाचे नुकसान होत नाही. लोक पाहतात म्हणून ते बंद करण्याच्या मागे लागू नये. १९६० च्या दशकात अमेरिकेत काही ठिकाणी वर्तन सुधारण्याच्या नावाखाली अशा मुलांना थपडा मारल्या, विजेचे झटकेही दिले. मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींनी सक्तीच्या अशा उपचारांवर कडक टीका केली आहे आणि ती ऐकण्याजोगी आहे. मूल सुरक्षित राहावे, त्याला आपले म्हणणे सांगता यावे, हा हेतू. ते इतरांसारखे दिसावे हा नव्हे.

एका घरातली हकीकत

आमच्या ओळखीच्या एका घरातली हकीकत घरच्यांच्या संमतीने, नाव न देता, सांगतो. मुलगा एकोणीस वर्षांचा. बोलणे चार-दोन शब्दांचे. दर पावसाळ्यात सकाळी तो आईच्या अंगावर धावे, तिचा दंड चावे, मग दिवसभर खांबाला बांधलेला असे. ‘कामाच्या दिवसांतच ह्याला नेमके भरते,’ असे घरचे म्हणत, आणि आम्हीही माना डोलावत असू.

त्याच्या धाकट्या बहिणीने वही लिहिली. बाराव्या-तेराव्या दिवशी तिच्या ध्यानात आले की आईने खुंटीवरची खोळ काढली की हे सुरू होते. ज्या दिवशी आई घरी राहिली त्या दिवशी एकदाही झाले नाही. खोळ निघाली म्हणजे आई गेली. कधी येणार, येणार की नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते, आणि सांगितले तरी ‘संध्याकाळी’ ह्या शब्दाचा अर्थ त्याला कळत नव्हता. उन्हाळ्याचा सारा क्रम लावणीच्या दिवसांत मोडत होता. त्याला भरते येत नव्हते. आमचे वेळापत्रक मोडत होते आणि त्याची किंमत तो देत होता. दाताच्या डॉक्टरांना दाखवले तेव्हा मागची एक दाढ पार किडलेली निघाली, ती वेगळीच.

दाढ काढली. एका फळीवर चार चित्रे लावली: आई खोळ घालते, जेवण, कोंबड्यांना दाणे, आई परत. एकेक झाले की ते चित्र तो स्वतः उलटे करी. पहिल्या दिवशी आई अर्ध्या तासात परतली, मग तासाने, मग दुपारी. ‘आई’ हे कार्ड हातात दिले की शेजारची मावशी त्याला बांधापर्यंत नेऊन आई दाखवून आणी. कोंबड्यांचे दाणे हे काम त्याच्याकडे कायमचे आले, आणि ते तो एक दिवसही चुकवत नाही.

तो बरा झाला असे आम्ही म्हणणार नाही, कारण तो आजारी नव्हताच. अजून कधी तरी चावतो. फेस्ताच्या दिवशी फटाके सुरू झाले की त्याला लांबच्या आत्याकडे न्यावे लागते. पण मागच्या पावसाळ्यात त्या खांबाला दोरी नव्हती.

गोळी आणि दोरी

कित्येक घरांत दोरीच्या जागी गोळी आली आहे. डॉक्टरांनी तपासून दिलेले औषध काहींना लागते, त्याविषयी आमची तक्रार नाही. फेफऱ्याचे किंवा मनाच्या आजाराचे औषध मनाने बंद करणे तर धोक्याचेच. पण मूल दिवसभर गुंगीत राहावे म्हणून वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणे बरे नव्हे. इंग्लंडमधील पीटर टायरर व सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या ८६ प्रौढांवर एक चाचणी केली व ती २००८ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय साप्ताहिकात आली. आक्रमक वागण्यासाठी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल आणि काहींना औषध नसलेली नुसती गोळी दिली होती. तिन्ही गटांत आक्रमकपणा उतरला, आणि नुसत्या गोळीचा गट मागे पडला नाही. म्हणून औषध असेल तर ते कशासाठी, किती दिवस, वजन व झोप ह्यांवर काय परिणाम, हे डॉक्टरांना विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही.

दोरीचे म्हणाल तर तिचा धोका आम्ही एकदा देशभर पाहिला आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एर्वाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. माणसे साखळीने बांधलेली होती. पळता आले नाही. २८ जण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णांना साखळीने बांधण्यास मनाई केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही क्रूर व अपमानकारक वागणुकीपासून दिव्यांगांचे रक्षण करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पडवीतल्या खांबाला आग लागणार नाही, पूर येणार नाही, फुरसे येणार नाही, अशी हमी कोण देईल?

सावडीत एक माणूस घरी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दोरी ही रागाने बांधलेली नसते. दुसरे माणूस नसते म्हणून ती बांधलेली असते. तेव्हा प्रश्न माणसाचा आहे, आणि लावणीला माणूस कमी पडले तर काय करायचे हे आमच्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. त्यांनी सावड घातली. आज तुझ्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तू. मजुरीची देवाणघेवाण नाही, पण दिवसाचा हिशेब चोख.

आमची सूचना अशी की सावडीच्या हिशेबात ह्या मुलापाशी राहिलेला दिवसही धरावा. चिखलात राबलेला एक दिवस आणि त्या पडवीत बसलेला एक दिवस, दोन्हींचे मोल सारखे. दोघी-तिघींनी पाळी लावून घ्यावी. वही पाळीबरोबर फिरावी, म्हणजे मावशीला कळेल की काल काय घडले व कोणती खूण चालते. पाळी सुरू होण्यापूर्वी विहिरीला कठडा किंवा कुंपण, औषधांना कुलूप, विळा-कोयता उंच जागी, फाटकाला बाहेरून कडी, एवढे तरुण मंडळींनी एका रविवारी करून द्यावे. आणि त्या मुलाला काम द्यावे. रोपांच्या पिशव्या भरणे, शेंगा सोलणे, दाणे टाकणे, वैरण नेणे अशी सुरुवात व शेवट ठरलेली कामे अशा पुष्कळांना फार चांगली जमतात.

चर्चमध्येही थोडे सोसावे. मिस्साच्या वेळी मागल्या बाकावरून आवाज आला की आमच्या माना वळतात, आणि पुढच्या रविवारी ते कुटुंब येत नाही. मान न वळवणे हीसुद्धा मदतच आहे.

सरकारकडे मागणे

सावडीने सर्व भागणार नाही. शिकलेले माणूस लागतेच. लहान मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अठरा वर्षांपर्यंत तपासणी होते व विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे पाठवता येते. अंगणवाडीत किंवा शाळेत पथक आले की आपले मूल लपवू नये, पुढे करावे. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र काढून घ्यावे. ते देशभर चालते, म्हणून राज्याची सीमा ओलांडणाऱ्या आमच्यासारख्यांना अधिकच उपयोगी. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. विशेष शिक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे आधी विचारावे. ‘तीन महिन्यांत नॉर्मल करतो’ असे सांगून हजारो रुपये मागणाऱ्याच्या नादी लागू नये.

पण ही बहुतेक व्यवस्था बालपणासाठी आहे. फुकट शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो, मूल संपत नाही. त्याचा हात बळकट होतो, आईचा थकतो, आणि नेमकी तेव्हाच घरी येऊन मार्ग दाखवणारे कोणी नसते. म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्यात वर्तनविषयक मार्गदर्शनाचे शिक्षण घेतलेली निदान एक व्यक्ती असावी. तिने घरी यावे, घरच्यांची भाषा बोलावी, वही वाचावी व महिन्याने पुन्हा यावे. गुरांच्या दवाखान्यासाठी आम्ही अर्ज केले, मोर्चे नेले, आणि तो मिळवला. ह्या मागणीसाठी ग्रामसभेत एक ठराव करणे आम्हांस जड जाऊ नये.

तोपर्यंत एक वही, एक पेन्सिल आणि सावडीतला एक दिवस एवढे तर आमच्याच हाती आहे. येत्या मृगाला आपल्या वाडीत कोणत्या खांबाला दोरी आहे ते आठवा, आणि तरव्याचा दिवस ठरवायला बसाल तेव्हा त्या घराचे नाव आधी घ्या.